साखरीची मामी

मामी आयुष्यात एकदाही घोड्यावर बसल्या नाहीत. दारात चार घोड्या आणि एक शिंगरू. नवऱ्याची सारी उमर टांगा हाकण्यात गेलेली. नांदेडच्या जुन्या भागातल्या कितीतरी नवरदेवांना मांडवाच्या दारापर्यंत नेऊन सोडणारं हे घर. पण मामी स्वतः कायम पायी. वरात कितीही लांबची असो, पायात प्लास्टिकच्या चपला, पदर कमरेला खोचलेला, हातात गुळाच्या खड्यांची पिशवी, आणि घोडीच्या डाव्या खांद्यापाशी चालणं. वर शेरवानीतला नवरदेव, पुढं बँडवाले, बाजूनं डोक्यावर दिवे घेतलेल्या बायका, आणि त्या सगळ्या झगमगाटात एक सावळी, बुटकी, पन्नाशीची बाई. तिच्याकडं कुणाचंच लक्ष नसायचं. घोडीचं मात्र सगळं लक्ष तिच्याकडं असायचं.

मी एकदा विचारलं होतं, "मामी, तुम्ही का नाही बसत घोडीवर?" मी स्वयंपाकघरात चप्पल घालून शिरल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "समदेच वर चढल्यावर खाली कोण थांबायचं रे?" एवढंच म्हणाल्या आणि कडबा तोडायला वळल्या.

त्यांचा नवरा टांगा स्टँडवरच्या सगळ्यांचा मामा होता, म्हणून या मामी. मामा गेले तेव्हा टांगे केव्हाच बंद पडले होते. भाऊबंदांनी सांगितलं, घोड्या विकून टाका आणि शिलाई मशीन घ्या. मामींनी घोड्या ठेवल्या. नदीकडं उतरणाऱ्या गल्लीत, पिठाची गिरणी आणि एक बँडचं दुकान यांच्या मधोमध त्यांचा तबेला होता. पत्र्याचं छप्पर, पुढं फरशीचा ओटा, त्यावर एक बाज. तिथं सहा-सात पोरं कायम असत. कुणी रिक्षा चालवणारा, कुणी वेल्डिंगच्या दुकानात, कुणी अर्धापूरच्या केळीच्या गाड्या भरणारा. संध्याकाळी वराती, आणि रविवारी सकाळी घोड्यांना मोकळं करायला नदीकाठी घेऊन जायचं. पुलाखालच्या वाळूतून चार घोड्या भरधाव निघाल्या की पुलावरची माणसं गाड्या थांबवून बघत. या पोरांना गावात एकच नाव होतं, 'मामीची पोरं'. त्यातल्या एकाचंही त्यांच्याशी रक्ताचं नातं नव्हतं.

मी त्यांच्यातला कसा झालो ते सांगायला हवं, आणि ते सांगणं मला आजही जड जातं.

मी मूळचा जळकोट तालुक्यातल्या एका खेड्यातला. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. मी दहावीत असताना दिवाळीनंतर आई गेली. किडनीचा आजार, लातूरच्या दवाखान्यात सोळा दिवस काढले तिनं. पाहुणे पांगले आणि आम्ही दोघांनी घराचे दोन कोपरे धरले. वडिलांनी तिच्या साड्या एका पेटीत घातल्या, पेटी कुलूप लावून पलंगाखाली सरकवली, आणि त्या दिवसापासून घरात तिचं नाव निघणं बंद झालं. दहावीला मार्क बरे पडले, म्हणून मला लातूरला धाडलं. आमच्याकडं पोराला लातूरला धाडणं म्हणजे डॉक्टर करायला धाडणं. एका खोलीत चार पोरं, भिंतीवर वेळापत्रक, दर रविवारी परीक्षा, आणि सोमवारी फळ्यावर नावांची उतरंड. माझं नाव दर सोमवारी खाली सरकत गेलं. मग मी फळ्याकडं बघणंच सोडलं. एका पोरानं मला आईवरून शिवी दिली. तशी शिवी सगळीच पोरं एकमेकांना दिवसातून दहादा देतात. मी जेवणाचा स्टीलचा डबा त्याच्या तोंडावर हाणला. त्याचे दोन दात पडले.

वडील न्यायला आले. बसस्टँडवर त्यांनी माझ्यावर हात उगारला आणि मी तो धरून पिरगाळला. लोकांसमोर. त्यांचा चष्मा खाली पडला. त्यांनी तो उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसावा तसा शर्टाच्या टोकानं पुसला, आणि मला गावाकडं न नेता नांदेडच्या गाडीत बसवलं. तिथं माझी आत्या राहायची. मी सोळा वर्षांचा होतो.

नांदेडला मी कॉलेजात नाव घातलं आणि दिवसभर दोन रिकामटेकड्या पोरांबरोबर रस्त्याकडेच्या एका ओट्यावर बसायला लागलो. लग्नसराई होती. एका संध्याकाळी समोरून वरात आली. वर नवरदेव, खाली पांढरीशुभ्र घोडी. आमच्यात पैज लागली. मी सुतळी बॉम्ब पेटवला आणि घोडीच्या पायांत टाकला.

घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली. नवरदेव घसरून खाली आला. त्याचा हात मुरगळला, तेवढ्यावर निभावलं. घोडी वळायला गेली आणि रस्त्यामधल्या दुभाजकाच्या लोखंडी गजावर आपटली. उजवा गुडघा फाटला. तिचं ते ओरडणं! घोडा ओरडतो हेच मला तोवर माहीत नव्हतं. माझे दोस्त पळाले. मलाही पळायचं होतं, पण मी त्या गुडघ्याकडं बघत राहिलो. तबेल्यातल्या बालाजीनं माझं मानगूट धरलं, दोन ठेवून दिल्या आणि माझा हात पाठीमागं नेऊन वर वर ओढायला लागला.

मामी रस्त्यात बसल्या होत्या. घोडीचं डोकं त्यांच्या छातीशी होतं आणि पदर तिच्या गुडघ्याला बांधलेला. त्यांनी मान वर केली. "त्याचा हात मोडू नको रे, बालाजी. उद्यापासून पट्टी कोण बांधंल?"

बालाजीनं मला सोडलं. मामींनी माझ्याकडं पाहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आत्याच्या दारात हजर होत्या. चौकीत जाणार का, म्हणून आत्या रडकुंडीला आली. मामी म्हणाल्या, "चौकीत घोड्याची जखम भरत असती तर गेले असते, बाई. पोरगं माझ्याकडं धाडा. गुडघा भरूस्तोर."

पहिल्या दिवशी त्यांनी मला घोडीसमोर उभं केलं. तिचं नाव साखरी. मला बघताच तिचं अंग थरथरायला लागलं, कान मागं गेले. मामी तिच्या मानेवर हात ठेवून तिच्याशी बोलल्या, माझ्याशी नाही. "हा आलाय बघ. ज्यानं केलं तोच हाय. पट्टी बांधायला आलाय." मला वाटलं, फरशी फाटावी आणि मी आत जावं. लातूरला सगळ्यांनी मला शिव्या घातल्या होत्या, समजावलं होतं, धमकावलं होतं. पण मी जे केलं ते माझ्यासमोर, जिला केलं तिच्या कानात, असं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

साखरी मला जवळ येऊ देईना. मामी जखम धुवायच्या, मी लांबून पाणी, कापूस, मलम पुढं सरकवायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी मी कंटाळून म्हणालो, "ती मला माफच करत नाही, मामी."

"जनावर माफबिफ करत न्हाई," त्या म्हणाल्या. "विसरत बी न्हाई. ते रोज नव्यानं बघतंय, आज हा काय करून राहिला म्हणून. तू रोज ये."

मी रोज गेलो. किती दिवसांनी ते आठवत नाही, पण एका सकाळी मी बसून पट्टी गुंडाळत असताना माझ्या मानेवर गरम श्वास आला. साखरीनं तोंड खाली घातलं होतं आणि माझी कॉलर हुंगत होती. मी हललो नाही. मामी ओट्यावर हरभरा निवडत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "लातूर, च्या घेणार का?" मी लातूरहून आलेला, म्हणून माझं नाव त्या दिवसापासून 'लातूर' झालं. गुडघा भरला, कुणी मला जा म्हणालं नाही, मीही गेलो नाही.

तबेल्याचे कायदे थोडेच होते. दारू पिऊन घोडीला हात लावायचा नाही. घोडीवरचा राग घोडीवर काढायचा नाही आणि घरचा तर मुळीच नाही. आणि तिसरा मामींचा आवडता, "बांधलेल्याला आधी." दावणीला बांधलेल्या जीवाला स्वतः उठून पाण्याकडं जाता येत नाही, म्हणून आधी त्याचं पाणी, मग आपलं. उन्हातून वरात आटोपून आलेली पोरं घशाला कोरड पडलेली असली तरी आधी बादल्या भरत. एकदा मी मटक्यातून गटागटा पाणी प्यायलो आणि मग बादली उचलली. त्या दिवशी मामींनी स्वतः संध्याकाळपर्यंत पाणी घेतलं नाही. पुन्हा मी तसं केलं नाही.

बसायला मला सलीमभाईंनी शिकवलं. मामांच्या बरोबरीनं टांगा चालवलेले, आता दातांची कवळी लावणारे सलीमभाई तबेल्यातले सगळ्यांत म्हातारे. "डरता तो डर," ते सांगायचे, "पर घोडी कू नक्को बता." नदीकाठच्या वाळूत मी किती वेळा पडलो त्याला हिशेब नाही. ज्या रविवारी पहिल्यांदा मी इतरांच्या बरोबरीनं, मधे, रांग न सोडता पुलाखालून गेलो, त्या दिवशी बालाजीनं माझ्या पाठीत गुद्दा मारला. मला कधी काळी त्यानं मारलेल्या दोन्ही थपडा त्या गुद्द्यात वळत्या झाल्या.

मामींचा एक गुण गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. सिमेंटच्या रस्त्यावर टापा वाजल्या की ओट्यावर बसल्या बसल्या त्या सांगत, कुठली घोडी, वर कोण, आणि त्याच्या मनात काय. "बालाजी बायकोशी भांडून आलाय." "सलीम, हळू. पोट दुखतंय न्हवं तुझं?" मला ती जादू वाटायची. त्या म्हणायच्या, जादू कसली. माणूस तोंड आवरतंय, मन आवरतंय, पण लगाम धरलेली बोटं काय आवरत नाहीत, आणि घोडी त्या बोटांवर चालते.

एका रविवारी मी साखरीला घेऊन परत आलो तर मामी म्हणाल्या, "आखडून धरलंय की रे तिला. बाप आलाय वाटतं."

खरं होतं. वडील महिन्यातून एकदा यायचे. आत्याच्या घरी खुर्चीवर बसायचे, मी समोर बसलेला असलो तरी माझ्या कॉलेजाची चौकशी आत्याकडं करायचे, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. त्या बसस्टँडवरच्या दिवसापासून आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं.

"त्यांना हिकडं आण," मामी म्हणाल्या.

"येणार नाहीत ते."

"मी बोलावलंय म्हणून सांग. गुरुजी मानसाला बाईमाणसाचं निमंत्रण मोडता येत न्हाई."

वडील आले. घोड्यांना ते भितात हे मला त्या दिवशी कळलं. दाराशीच थबकले, भिंतीला धरून आत आले. मामींनी त्यांना बाजेवर बसवलं, चहा दिला. मी पाठमोरा साखरीला खरारा करत होतो, अंगावरची धूळ केसांच्या ओळीनं काढत होतो. मामींनी माझ्या अभ्यासाचं विचारलं नाही, माझ्या वागण्याचंही नाही. थोडा वेळ गेला आणि त्यांनी विचारलं, "गुरुजी, ह्याची आई कशी होती?"

माझा हात थांबला. बाहेर गिरणी चालू होती, तिचा आवाज तेवढा येत होता. मग वडिलांचा आवाज आला, आणि तो मला ओळखू आला नाही.

"भाकरी करताना गाणं म्हणायची," ते म्हणाले. "सूर नव्हता तिला. मी हसायचो. मी हसलो की जास्तच मोठ्यानं म्हणायची."

आणि मग ते बोलतच राहिले. तिला उदगीरच्या बाजारात बांगड्या भरायला आवडायचं. मी पोटात असताना तिला चिंच नको असायची, फुटाणे लागायचे. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिनं काय विचारलं. तिनं विचारलं होतं, पोरगं जेवलं का. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खरारा हातात धरून साखरीच्या मानेत तोंड घातलं. ती हलली नाही. माझ्या पाठीमागं वडील रडत होते, आणि मामी मधूनच "हाव", "हाव" एवढंच म्हणत होत्या.

जाताना वडील माझ्याजवळ आले. घोडी मधे होती, म्हणून थोडे लांबच थांबले. "चावत नाही ना ही?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नाही चावत, बाबा." वर्षभरातलं आमचं ते पहिलं बोलणं.

बारावीच्या वर्षीचा हिवाळा. माळेगावची जनावरांची जत्रा होऊन गेली होती. साखरीच्या नाकातून पाणी येऊ लागलं. थंडी असेल म्हणून आम्ही शेकलं, काढा दिला. पण आजूबाजूच्या भागात घोड्यांचा एक वाईट रोग निघाल्याची बातमी होती, ग्लँडर्स. सरकारी डॉक्टर येऊन शहरातल्या सगळ्या घोड्यांचं रक्त घेऊन गेले. रिपोर्ट लांबच्या प्रयोगशाळेतून यायचा होता. आला तेव्हा त्यात साखरीचं नाव होतं. त्यांनी दुसऱ्यांदा रक्त नेलं. दुसऱ्यांदाही तेच.

डॉक्टर तरुण होते. ओट्यावर उभं राहून, खाली बघत त्यांनी सांगितलं. या रोगाला औषध नाही. एका घोड्याकडून दुसऱ्याला लागतो, माणसालाही लागतो, आणि माणूस वाचेलच असं नाही. कायद्यानं घोडीला इंजेक्शन देऊन शांत करावं लागतं. परवा सकाळी येतो, असं म्हणाले. मामींनी त्यांना पाणी दिलं.

साखरी उभी होती. हरभरा खात होती. नाकातलं पाणी सोडलं तर तिला काही झालंय असं कुणाला वाटलं नसतं. बालाजीनं मला आणि आणखी दोघांना गिरणीमागं नेलं. त्याचा मेहुणा बिलोलीच्या पलीकडं, तेलंगणात राहायचा. शेतात एकटं घर. पिकअप गाडी ठरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साखरीला गाडीत चढवायचं, मागं मी बसायचं, सीमा ओलांडायची. इथं सांगायचं, दावं तोडून पळाली. मी क्षणभरही विचार केला नाही. मी तिच्याबरोबर जन्मभर राहायलाही तयार होतो.

संध्याकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. मी साखरीचं दावं सोडलं आणि वळलो, तर दारात मामी बसलेल्या. उंबऱ्यावर, दोन्ही पाय बाहेर सोडून.

"मामी, बाजूला व्हा."

"कुठं चाललास?"

मी सांगितलं. एका दमात सगळं सांगितलं. तिला काही झालेलं नाही, रिपोर्ट खोटे असतात, तिकडं मोकळं रान आहे, मी तिला बरं करीन. मामींनी सगळं ऐकून घेतलं.

"तिकडं बी कुणाची तरी दावण आसंल की," त्या म्हणाल्या. "तिथं बी एखादं तुझ्यावाणी पोरगं खरारा करत आसंल. त्याच्याकडं हा रोग न्यायचा? कुणाच्या हातानं? तुझ्या?"

"मग मारू द्यायचं तिला?"

मामी उंबऱ्यावरून उठल्या नाहीत. मी त्यांना ओलांडून घोडी नेऊ शकलो असतो. त्या एवढ्याशा होत्या. बालाजी गल्लीत उभा होता. थोड्या वेळानं त्यानं हातानं खूण केली आणि गाडी परत गेली. मी दावं पुन्हा बांधलं. गाठ बसेना, मामींनी उठून ती बांधली.

सकाळी डॉक्टर, त्यांची माणसं, सगळे हातमोजे आणि मास्क घालून आले. शहराबाहेर मोकळ्या जागेत जेसीबीनं खोल खड्डा खणून ठेवला होता, बाजूला चुन्याची पोती. घोडीला गाडीत घालू या, असं ते म्हणाले. मामी म्हणाल्या, "चालत येईल ती." त्यांनाही मास्क आणि हातमोजे दिले गेले. रस्त्यावर माणसं थांबवून ठेवलेली, आणि त्या मोकळ्या रस्त्यानं मामी साखरीच्या डाव्या खांद्यापाशी चालत निघाल्या. वरातीत चालायच्या तशाच. गुळाचा खडा मात्र हातमोज्यातून द्यावा लागला.

आम्हाला लांब, कुंपणाशी अडवलं होतं. सलीमभाईंनी मला मागून दोन्ही हातांनी धरलं होतं. पहिलं इंजेक्शन गुंगीचं होतं. साखरीचं डोकं हळूहळू खाली आलं. मामी तिच्या कानाशी काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते कुणालाच कळलं नाही. मग दुसरं. एवढं मोठं जनावर किती आवाज न करता पडतं! मामी बाजूला झाल्या, आणि त्या माझ्या दिशेनं येऊ लागल्यावर मी सगळ्यांसमोर ओरडलो, "तुम्ही मारलं तिला! तुम्ही मारलं!"

सलीमभाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. मामी थांबल्या. त्यांनी मास्क काढला, माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि घराकडं चालायला लागल्या.

मी दोन महिने तबेल्यात गेलो नाही. आमच्या सगळ्यांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. आम्ही ठीक निघालो. उरलेल्या घोड्यांना बाहेर काढायची बंदी होती. लग्नाच्या तारखा गेल्या. मामी त्या दिवसांत घोड्यांसाठी कडबा डोक्यावरून आणत होत्या, हे मला आत्यानं सांगितलं. तरीही मी गेलो नाही. एक दिवस बालाजी रिक्षा घेऊन दारात आला. घोड्यांचे रिपोर्ट पुन्हा आले होते, सगळे चांगले. "साखरी तिकडं गेली असती," तो म्हणाला, "तर माझ्या मेहुण्याच्या दोन घोड्या गेल्या असत्या. त्याची लेकरं त्या घोड्यांच्या अंगाखांद्यावर खेळतेत. बस रिक्षात."

मी गेलो. मामींनी माझ्या हातात खरारा दिला आणि शिंगराकडं बोट दाखवलं. मी कामाला लागलो. माफी मागायला हवी होती. त्या दिवशी शब्द फुटला नाही, आणि मग एकेक दिवस जात गेला.

बारावीनंतर मी उदगीरला जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करण्याचा डिप्लोमा केला. लातूरला पाठवूनही डॉक्टर न झालेल्या पोराबद्दल वडिलांना वाईट वाटेल, असं मला वाटलं होतं. त्यांनी फॉर्म स्वतःच्या अक्षरात भरला. पुढं मला आमच्याच भागातल्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरी लागली. मधल्या काळात सलीमभाई गेले. तबेल्याच्या जागेवर इमारत उभी राहिली. घोड्या बालाजीनं नेल्या. तो आता शहराबाहेर त्या पाळतो. मामी बिलोलीला दिलेल्या लेकीकडं गेल्या.

मागच्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावा हात मांडीवर ठेवलेला असायचा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. बोलणं थोडं जड, पण साफ. माझी नोकरी, माझं लग्न, वडिलांचा मोतिबिंदू, सगळं विचारून झालं. लेक चहा करायला आत गेली, तेव्हा मी म्हणालो, "मामी, त्या दिवशी मी तुम्हाला बोललो..."

"कधी?"

"साखरीच्या वेळी. तुम्ही मारलं, असं. सगळ्यांसमोर."

मला वाटलं, त्यांना आठवत नसेल.

"बरोबर बोललास की," त्या म्हणाल्या. "सरकार म्हणलं, नियम हाय. डॉक्टर म्हणले, रिपोर्ट हाय. सलीम म्हणला, नशीब हाय. समद्यांनी आपापलं अंग काढून घेतलं. मग मारलं कुणी तिला? एवढा मोठा जीव, कुणीच मारला न्हाई म्हणायचं?" त्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलून नीट ठेवला. "तू एकटा खरं बोललास. मारलं मीच. मला ते करावं लागलं, पर मीच. ते माझ्याच नावावर ऱ्हाऊ दे."

मी रडायला लागलो. तीस वर्षांचा बाप्या, त्यांच्या बाजेच्या पायाशी बसून. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "आता तोंड धू. जावई यायची येळ झाली."

पावसाळा संपता संपता त्या गेल्या. लेकीचा फोन आला तेव्हा मी एका वाडीवर लसीकरणात होतो. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बालाजी दारात उभा होता.

माझ्या नोकरीत वाईट सांगायला जावं लागतं. गाय उठणार नाही, बैलाचा पाय वाचणार नाही. डॉक्टरसाहेबांचा कागद खिशात असतो. पूर्वी मी तो दारातूनच पुढं करायचो आणि बोलणं त्या कागदावर सोपवायचो. आता चपला काढतो, आत जाऊन बसतो, आणि सांगतो. घरातलं कुणीतरी रागानं विचारतंच, "कोण म्हणतं वाचणार नाही म्हणून?"

"मी म्हणतो," मी सांगतो.